रूपकाला देह मिळतो तेव्हा

१४ मे २००८ रोजी कान चित्रपट महोत्सवाचे उद्घाटन 'ब्लाइंडनेस' या चित्रपटाने झाले. दिग्दर्शक फर्नांदो मेइरेलेस हे 'सिटी ऑफ गॉड' (२००२) आणि 'द कॉन्स्टंट गार्डनर' (२००५) यांमुळे तोवर जगभर नावाजले गेले होते. मूळ कादंबरी १९९८चे नोबेल पारितोषिक मिळालेल्या जोझे सारामागो यांची. जुलियान मूर, मार्क रफॅलो, डॅनी ग्लोव्हर, गाएल गार्सिया बर्नाल अशी नटमंडळी. एवढे सगळे जुळून आलेले असताना स्वागत मात्र थंडच झाले. 'गार्डियन'च्या पीटर ब्रॅडशॉ यांनी या रूपांतराची मनापासून तारीफ केली. 'व्हरायटी'च्या जस्टिन चँग यांना वाटले की चित्रपट कादंबरीतले टप्पे चोख गाठतो, पण तिची दृष्टी त्याच्या हाती लागत नाही. पुढे ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत प्रदर्शन झाले तेव्हा रॉजर ईबर्ट यांनी आपण पाहिलेल्या सर्वांत असह्य चित्रपटांत त्याची गणना केली, तर 'न्यू यॉर्क टाइम्स'मध्ये ए. ओ. स्कॉट यांनी हा थोर चित्रपट नव्हे, पण उत्तम चित्रपटकला कशी असते याचे नमुने त्यात पुष्कळ आहेत, असा मध्यममार्गी निर्वाळा दिला.

या प्रतिक्रिया एकत्र ठेवून वाचल्या तर एक चमत्कारिक गोष्ट लक्षात येते. तक्रारी दोन आहेत आणि त्या परस्परविरोधी आहेत. एक तक्रार अशी, की पात्रे माणसे वाटत नाहीत, कल्पना वाटतात. रूपक फार उघडे पडते. दुसरी अशी, की त्यातली घाण, उपासमार आणि बलात्कार पाहवत नाहीत. म्हणजे एकाच कलाकृतीवर ती फार अमूर्त असल्याचा आणि फार मूर्त असल्याचा आरोप एकाच वेळी होतो आहे. हे दोन्ही आरोप खरे असू शकतात का? मला वाटते, असू शकतात. आणि त्या चित्रपटाविरुद्ध जे तिसरे आरोपपत्र दाखल झाले, ज्याला समीक्षकांनी समीक्षा मानलेच नाही, ते वाचल्याशिवाय या दोहोंचा उलगडा होत नाही.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एका अनाम शहरात सिग्नलपाशी थांबलेल्या गाडीतला माणूस अचानक आंधळा होतो. हे अंधत्व काळे नाही, पांढरे आहे. दुधाच्या समुद्रात बुडाल्यासारखे. ते संसर्गाने पसरते. सरकार आंधळ्यांना एका ओस पडलेल्या मनोरुग्णालयात कोंडते, दाराशी सैन्य उभे करते आणि जेवणाची खोकी आत ढकलते. एका नेत्रतज्ज्ञाची बायको तेवढी डोळस राहते. नवऱ्यापासून ताटातूट नको म्हणून आंधळी झाल्याचे सोंग घेऊन ती आत जाते. तिसऱ्या वॉर्डातली टोळी पिस्तुलाच्या बळावर अन्न ताब्यात घेते, त्याच्या बदल्यात आधी मौल्यवान वस्तू मागते आणि मग बायका. डॉक्टरची बायको टोळीच्या म्होरक्याला कात्रीने ठार करते. इमारत जळते, ही माणसे बाहेर पडतात, तर बाहेर सबंध शहरच आंधळे झालेले. शेवटी जशी गेली तशी दृष्टी परत येते.

आता तिसरे आरोपपत्र. चित्रपट ३ ऑक्टोबर २००८ला अमेरिकेत प्रदर्शित झाला तेव्हा 'नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड' या दृष्टिहीनांच्या संघटनेने अनेक राज्यांतल्या चित्रपटगृहांबाहेर निदर्शने केली. १९४० साली स्थापन झालेल्या या संघटनेच्या इतिहासातली ती सर्वांत मोठी निदर्शने असल्याचे तिच्याच नेत्यांनी सांगितले. त्यांचे म्हणणे साधे होते. या चित्रपटात आंधळी माणसे चाचपडतात, स्वतःच्याच घाणीत लोळतात, हिंस्र होतात. आणि हे पाहून घरी गेलेला मालक उद्या एखाद्या दृष्टिहीन उमेदवाराची मुलाखत घेणार आहे. सारामागो तेव्हा ८५ वर्षांचे होते. त्यांनी या निदर्शनांची तिखट शब्दांत संभावना केली. मूर्खपणा आंधळा आणि डोळस असा भेद करत नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता.

साहित्याच्या वर्गात हा प्रसंग सांगितला की मुले हसतात आणि सारामागोंच्या बाजूने होतात. ते स्वाभाविक आहे. रूपकाला वास्तव समजणे ही वाङ्मयीन निरक्षरता, असे आपणच त्यांना पहिल्या वर्षापासून शिकवलेले असते. कादंबरीतले अंधत्व हे नेत्रविकाराचे वर्णन नाही. माणसाने माणसाकडे पाहायचे सोडले आहे, याचे ते नाव आहे. तेव्हा निदर्शकांना 'तुम्हाला रूपक कळले नाही' असे सांगून प्रकरण मिटवता येते. मला हे मिटवणे पुरेसे वाटत नाही, आणि त्याचे कारण नैतिक असण्याआधी वाङ्मयीन आहे.

कादंबरीचे मूळ पोर्तुगीज नाव आहे 'एन्सायु सोब्रे आ सेगेरा', म्हणजे 'अंधत्वाविषयी निबंध'. १९९५ साली ती याच नावाने प्रसिद्ध झाली. जोव्हानी पोंतिएरो यांच्या इंग्रजी अनुवादाच्या शीर्षकातून 'निबंध' हा शब्द गळाला आणि नुसते 'ब्लाइंडनेस' उरले. हे गळणे किरकोळ नाही. निबंध म्हटले की बोलणारा एक आवाज आला. तो विषयाभोवती फिरतो, आडवाटेने जातो, म्हणी वापरतो, स्वतःलाच टोकतो. सारामागोंचा निवेदक नेमके हेच करतो. पात्रांना नावे नाहीत: पहिला आंधळा, डॉक्टरची बायको, काळा चष्मा घातलेली मुलगी, डोळ्यावर काळी पट्टी असलेला म्हातारा. संवादांना अवतरणचिन्हे नाहीत. एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे कधी सुरू झाले, हे स्वल्पविरामावरून आणि कानाने ओळखायचे. गर्दीतले आवाज वेगळे करत राहणे हेच त्या कादंबरीचे वाचन आहे. तिथे वाचक आंधळ्यांकडे पाहत नाही, त्यांच्यातच बसून ऐकतो. घाण आहे, बलात्कार आहे, पण ते सगळे त्या बोलक्या, विषण्ण, अधूनमधून विनोदी आवाजातून गाळून येते. तो आवाज सतत आठवण करून देतो की आपण एका विचाराच्या आत आहोत.

सारामागोंनी कितीतरी वर्षे चित्रपटाचे हक्क नाकारले ते याच जाणिवेतून असावे. खुद्द मेइरेलेस यांनाही आरंभी नकार मिळाला होता. पुढे पटकथाकार डॉन मकेलर आणि निर्माते निव्ह फिकमन हे सारामागो राहत होते त्या लान्झारोते बेटावर जाऊन त्यांना भेटले, तेव्हा कुठे संमती मिळाली. अट अशी होती की चित्रपटातले शहर ओळखू येता कामा नये. ती पाळण्यासाठी साओ पावलो, टोरोंटो आणि माँटेव्हिडिओ यांच्या तुकड्यांतून एक शहर जुळवले गेले. पण कागदावरचे अनाम शहर आणि पडद्यावरचे अनाम शहर यांत फरक आहे. कागदावर नाव न देणे म्हणजे वाचकाच्या मनात त्याचे स्वतःचे शहर उभे राहू देणे. पडद्यावर प्रत्येक पूल, प्रत्येक दुकानाची पाटी कुठल्या तरी खऱ्या जागेची असते. तिचे नाव लपवले की ती सर्वांची होत नाही, कुणाचीच राहत नाही. तीच गोष्ट पात्रांची. 'डॉक्टरची बायको' हे दोन शब्द आहेत. जुलियान मूर हा ओळखीचा चेहरा आहे. त्या चेहऱ्याला नाव नाही, भूतकाळ नाही, हे कादंबरीत खटकत नाही, चित्रपटात खटकते. समीक्षकांना पात्रे 'कल्पना' वाटली ती यामुळे.

मेइरेलेस यांना ही अडचण ठाऊक होती, हे चित्रपटात जागोजाग दिसते. छायालेखक सेसार चार्लोने यांनी प्रकाश इतका वाढवला आहे की कडा विरघळतात. काचांमधली प्रतिबिंबे, धूसर चौकटी, अर्धी कापलेली शरीरे यांतून पाहणेच अविश्वासार्ह करण्याचा खटाटोप आहे. निवेदकाचा आवाज राखण्यासाठी डॅनी ग्लोव्हर यांच्या म्हाताऱ्याला पार्श्वकथन दिले होते. कानमधल्या प्रतिक्रियांनंतर ते पुष्कळसे काढून टाकण्यात आले आणि सप्टेंबरमध्ये टोरोंटो महोत्सवात बदललेली प्रत दाखवली गेली. त्याही आधी, टोरोंटोतल्या एका चाचणी खेळाला सुमारे १० टक्के प्रेक्षक मध्येच उठून गेले होते. बलात्काराच्या प्रसंगामुळे असे घडले, हे ओळखून मेइरेलेस यांनी तो छाटला. म्हणजे संकलनाच्या टेबलावर दोन्ही टोकांना कात्री लागली: आवाज फार झाला म्हणून तो कापला, देह फार झाला म्हणून तो कापला. पण दुखणे त्या दोहोंच्या नात्यात होते. निबंधाचा आवाज काढून घेतला की उरतात ते चाचपडणारे, नागवे, भुकेले देह; आणि कॅमेऱ्यापुढचा देह कुठल्याही कल्पनेचे प्रतीक होण्याआधी देहच असतो.

निदर्शक बाहेर फलक धरून जे म्हणत होते ते याहून वेगळे नव्हते. तुमची कल्पना आमच्या देहावर लिहिली आहे, आणि पडद्यावर आमचा देह दिसतो, कल्पना दिसत नाही.

एका वर्षी पदव्युत्तर वर्गात आम्ही ही कादंबरी चर्चेला घेतली होती. वर्गात एक दृष्टिहीन विद्यार्थिनी होती. तिने इंग्रजी अनुवाद संगणकाच्या वाचक-यंत्राकडून ऐकला होता. अवतरणचिन्हे नसल्याने तिला त्रास झाला असेल, असे वर्गातल्या काहींना वाटत होते. ती म्हणाली, "त्रास नाही झाला, सर. यंत्र सगळ्यांचं बोलणं एकाच आवाजात वाचतं, त्यामुळे मला हे नेहमीचंच आहे. पाच-दहा पानांत माणसं ओळखू यायला लागतात. पण तिथं कुणी फारसं काही शिकतच नाही. दिवसामागून दिवस जातात, तरी भिंत त्यांना रोज नवीनच असते. आणि जो एकटा शिकलेला आहे, तो चोरांचा हिशेबनीस."

कुणीतरी म्हणाले, "अगं, पण तो प्रतीक आहे."

"असू दे की," ती म्हणाली, "पण कुणाचं, ते तरी ठरवा."

हिशेबनिसाविषयी समीक्षेत फारसे लिहिले गेलेले नाही. वास्तविक सगळ्या वादाची कळ त्याच्यात आहे. टोळीत एक माणूस आहे जो साथीमुळे आंधळा झालेला नाही, तो आधीपासूनच दृष्टिहीन आहे. कादंबरीत डॉक्टरच्या बायकोला टोचणीने कागदावर ठिपके पाडल्याचा आवाज येतो. लुटीच्या मालाची ब्रेलमध्ये नोंद चाललेली असते. चित्रपटात ही भूमिका मॉरी चेकिन यांनी केली आहे. म्होरक्या मेल्यावर पिस्तूल याच्या हाती जाते. सारामागोंचा बचाव करायचा तर असे म्हणता येते, आणि सगळे आंधळे अचानक आंधळे झालेले आहेत. त्यांची दैना अंधत्वाची नसून आकस्मिकतेची आणि सरकारी क्रौर्याची आहे. या बचावात तथ्य आहे. पण तो पूर्ण व्हायचा तर आंधळेपणाने जगण्याची विद्या ज्याच्यापाशी आहे, त्याने त्या वॉर्डात काहीतरी वेगळे घडवायला हवे होते. तो तर आपली विद्या लुटारूंच्या चरणी वाहतो. सबंध कादंबरीत ब्रेल एवढ्या एकाच कामी येते.

उलट बाजूही मांडायला हवी. दुष्ट होण्याचा अधिकार दृष्टिहीनालाही आहे, असे सारामागो जणू म्हणतात. त्याला साधू केले असते तर तो वेगळा अपमान ठरला असता. हे आपल्याला पटकन कळावे, कारण आपल्या पडद्यावर तो दुसरा अपमान पुष्कळ झाला आहे. 'अमर अकबर अँथनी'त (१९७७) निरुपा रॉय यांच्या आईला साईबाबांच्या मूर्तीतून निघालेल्या ज्योतींनी दृष्टी येते. तिथे अंधत्व हे केवळ चमत्काराला जागा करून देण्यासाठी असते. या दोन टोकांच्या मध्ये काय असू शकते, ते सई परांजपे यांच्या 'स्पर्श'मध्ये (१९८०) दिसते. दिल्लीतल्या अंधशाळेत चित्रित झालेल्या त्या चित्रपटात नसीरुद्दीन शाह यांचा मुख्याध्यापक अहंकारी आहे, हट्टी आहे, प्रेमातही संशयी आहे. तो साधू नाही आणि लुटारूही नाही. त्याच्याभोवती वावरणाऱ्या मुलांच्या हालचालींत चाचपडणे नाही, सवय आहे. 'ब्लाइंडनेस'च्या नटांकडून आणि जमावाकडून डोळे बांधून सराव करून घेतला होता. डोळे बांधलेला माणूस मात्र अंधत्वाच्या पहिल्या तासात असतो, विसाव्या वर्षात नव्हे. त्या मुलीचा 'कुणी शिकतच नाही' हा शेरा चित्रपटाला कादंबरीपेक्षाही अधिक लागू पडतो.

आपल्याला या कथेत आणखी एक ओळखीची सावली दिसते, ती गांधारीची. नवऱ्यासाठी गांधारी डोळ्यांवर पट्टी बांधते. नवऱ्यासाठीच डॉक्टरची बायको नसलेल्या अंधत्वाचे सोंग घेते. एक न पाहण्याची जबाबदारी पत्करते, दुसरी पाहण्याची. धर्मवीर भारतींच्या 'अंधा युग'ने (१९५४) कुरुवंशाचे अंधत्व रूपक म्हणून वापरले, आणि रंगभूमीवर ते आजही तितकेच अंगावर येते. पण तिथेही धृतराष्ट्राचे आंधळेपण आणि त्याचे पुत्रप्रेमाने आंधळे होणे यांची गल्लत भाषाच आपल्यासाठी करून ठेवते. मराठीत आपण आंधळा कारभार म्हणतो, अंधानुकरण म्हणतो, अंधश्रद्धा म्हणतो. 'आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं' म्हणतो. समीक्षेत तर दृष्टी, दृष्टिकोन, अंतर्दृष्टी यांच्याशिवाय आपले पान हलत नाही. चँग यांनाही चित्रपटाची उणीव सांगायला शेवटी तोच शब्द घ्यावा लागला. सूझन सोंटॅग यांनी 'इलनेस ॲज मेटाफर'मध्ये (१९७८) दाखवले होते, की क्षय आणि कर्करोग यांच्यावर चढवलेली रूपके रोग्यालाच सोसावी लागतात. अंधत्वाबाबत हा भार शतकानुशतकांचा आहे. ही रूपके भाषेतून हद्दपार करावीत, असे मी म्हणत नाही. ते शक्य नाही आणि तसे केल्याने कुणाला नोकरीही मिळणार नाही. रूपकाने काहीतरी उसने घेतलेले असते आणि ज्याच्याकडून घेतले तो माणूस जिवंत आहे, एवढे भान समीक्षेत असावे, इतकेच.

सारामागोंच्या दोन प्रतिक्रिया मला नेहमी शेजारी ठेवाव्याशा वाटतात. एक, निदर्शकांना दिलेले ते तोडून टाकणारे उत्तर. दुसरी त्याच वर्षी लिस्बनमधली. मेइरेलेस यांनी त्यांच्या शेजारी बसून त्यांना चित्रपट दाखवला. दिवे लागले तेव्हा सारामागोंच्या डोळ्यांत पाणी होते. कादंबरी लिहून संपवली तेव्हा जो आनंद झाला होता तोच आता झाला, अशा अर्थाचे ते काहीतरी बोलले आणि मेइरेलेस यांनी वाकून त्यांच्या कपाळाचे चुंबन घेतले. त्याचे चित्रीकरण उपलब्ध आहे. ज्या चित्रपटाला समीक्षकांनी थंड म्हटले तो पाहून लेखक रडला, याचा अर्थ समीक्षक चुकले असा होत नाही. पडद्यावर आवाज नव्हता. पण सारामागोंना तो ऐकू येतच असणार, कारण तो त्यांचाच होता. बाकीच्या प्रेक्षकांपाशी ती सोय नव्हती.

यानंतर बारा वर्षांनी याच कादंबरीला आणखी एक रूप मिळाले. करोनाच्या साथीमुळे लंडनमधली नाट्यगृहे बंद पडली होती. ऑगस्ट २०२०मध्ये डॉनमार वेअरहाऊस या नाट्यगृहात सायमन स्टीव्हन्स यांनी केलेले रूपांतर सादर झाले. रंगमंचावर एकही नट नव्हता. प्रेक्षक अंतर राखून बसलेले, कानांवर हेडफोन, बराच वेळ संपूर्ण काळोख, आणि ज्युलिएट स्टीव्हन्सन यांचा ध्वनिमुद्रित आवाज कधी खोलीच्या दुसऱ्या टोकाहून तर कधी अगदी कानाशी. साथीतली तडजोड म्हणून निवडलेला हा मार्ग कादंबरीच्या मूळ प्रकृतीला चित्रपटापेक्षा जवळचा होता: पाहायला कुणाचाही देह नाही, फक्त ऐकायचे. तिथे अंधत्व कुणाकडे बोट दाखवत नाही, कारण ते दिसतच नाही. हिशेबनिसाचा प्रश्न तिथेही सुटत नाही, तो मूळ संहितेतलाच आहे. पण समीक्षकांच्या ज्या दोन तक्रारींपासून आपण निघालो, त्या दोन्हींना तिथे फारशी जागा उरत नाही.

म्हणून 'ब्लाइंडनेस'च्या स्वागताचा इतिहास शिकवताना निदर्शने ही तळटीप करू नये, असे मला वाटते. ईबर्ट यांचा उद्वेग, चँग यांची तक्रार आणि संघटनेचे निवेदन ही एकाच प्रश्नावरची तीन टिपणे आहेत, आणि तिसरे टिपण पहिल्या दोहोंपेक्षा नेमके आहे. काय बिघडले ते सांगून ते थांबत नाही, कुणाच्या वाट्याला बिघडले तेही सांगते. मी विद्यार्थ्यांना आता ही तिन्ही एकत्र देतो, सोबत कादंबरीतली टोचणीच्या आवाजाची ती पाने देतो आणि एवढेच विचारतो, की या हिशेबनिसाला वाचवायचे असेल तर कादंबरीत नेमके काय बदलावे लागेल. उत्तरे दरवर्षी वेगळी येतात. त्याला काढून टाका, असे म्हणणारे थोडे असतात. त्याला डॉक्टरच्या वॉर्डात पाठवा, असे म्हणणारे अधिक. तसे केले तर कादंबरी कुठल्या पानावर संपेल, यावर मग तास संपेपर्यंत भांडण चालते.